हौशी रेडिओसाठी जुना सेट कसा पारखावा



कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की श्रोते मनाची तयारी करूनच बसतात. आधी बोनस येणार, मग ग्रॅच्युइटी येणार, आणि शेवटी कोणत्या तरी कायद्याच्या निषेधाचा ठराव येणार! या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तिचा फायदा घेऊन आम्ही आज यातले काहीच आणलेले नाही. आम्ही बोलणार आहोत जुन्या रेडिओविषयी. जगभर ज्याला ‘हॅम’ म्हणतात त्या हौशी बिनतारी संदेशवहनाचा ज्याला नाद लागला आहे, पण ज्याच्या खिशाला नाद परवडत नाही, अशा माणसाने ऐकण्यासाठी जुना सेट कसा निवडावा, एवढाच आमचा विषय आहे.

विषय कोणाला हलका वाटेल. वाटू द्या. आमच्याकडे दरवर्षी दोनचार तरुण याच कामासाठी येतात. कोणी आयटीआय झालेला फिटर असतो, कोणी यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या बाईचा मुलगा असतो. शाळा आमच्याही वाट्याला जेमतेमच आली. पुढचे थोडेफार जे काही शिकलो त्यातले वीज, चुंबक, भूगोल आणि मोडकेतोडके इंग्रजी हे चार विषय या छंदाने शिकवले, आणि फी घेतली नाही. म्हणून अशा मुलांकडे आमचे विशेष लक्ष असते. हा मुलगा पहिल्या पगारातून पैसे बाजूला काढतो, कोणाच्या तरी सांगण्यावरून एक चकचकीत सेट आणतो, आणि घरी आणल्यावर तो सेट मुका ठरतो. त्यातून सिनेमाची गाणी येतात, परदेशी बातम्या येतात. ज्यासाठी आणला तो हौशी माणसांचा आवाज काही येत नाही. पैसे गेल्याचे दुःख एक वेळ पचते. पण ‘हे आपल्या कुवतीचे काम नव्हे’ अशी जी खूणगाठ तो मुलगा मनाशी बांधतो, ती सुटत नाही. खोट सेटमध्ये होती, हे त्याला सांगायला त्या वेळी शेजारी कोणी नसते. ते सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. या छंदात बोलायचे झाले तर सरकारचा परवाना लागतो. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा बिनतारी विभाग त्याची परीक्षा घेतो. बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते. खालच्या श्रेणीला मोर्सची अट नाही. वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे आणि आम्ही त्याची भलामण करणार नाही. परंतु कारखान्यात जशी आधी उमेदवारी असते, तशी इथे ऐकण्याची उमेदवारी असते. जो वर्षभर नीट ऐकतो त्याला बोलायचे कसे हे वेगळे शिकवावे लागत नाही. कोण केव्हा बोलतो, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत कसे थांबायचे, क्षीण आवाजातून नाव-गाव कसे उचलायचे, हे कानाने येते. २००४ च्या डिसेंबरात अंदमानला सुनामीचा तडाखा बसला तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी सहकारी छंदाच्याच निमित्ताने पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. तारा-टेलिफोन बंद पडल्यावर त्यांच्या सेटवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर आले. ते निरोप आले, कारण इकडे कोणी तरी कान लावून बसले होते.

आता डायलकडे वळू. जुन्या सेटवर आकडे मीटरमध्ये असतात, नव्यावर मेगाहर्ट्झमध्ये. घाबरण्याचे कारण नाही. तीनशेला मीटरच्या आकड्याने भागा, मेगाहर्ट्झ मिळतात. चाळीस मीटर म्हणजे साडेसात होतात, पण प्रत्यक्षात हौशींचा ‘चाळीस मीटरचा पट्टा’ आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. नाव ढोबळ आहे इतकेच. हा भागाकार एका जुन्या आकड्यावर करून पाहा. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळवून दिला होता. जागा बदलत बदलत, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडीपर्यंत, तो चालला. आपण ४२.३४ मीटरवर बोलत आहोत असे तो सांगत असे. तीनशेला ४२.३४ ने भागा. उत्तर येते ७.०८ च्या आसपास. म्हणजे आज सकाळी चहा घेताघेता पुण्याचा, नागपूरचा, बंगलोरचा हौशी माणूस ज्या पट्ट्यात एकमेकांची विचारपूस करतो, त्याच पट्ट्याच्या मध्यावर तो आवाज उमटत होता. आमचे तरुण मित्र पहिल्यांदा डायल फिरवतात तेव्हा आम्ही त्यांना ही जागा दाखवतो. तिथे आज गप्पा चालतात. आणि त्याही चांगल्याच असतात.

तेव्हा नवशिक्याला हवा असलेला सेट म्हणजे ७ मेगाहर्ट्झ आणि १४ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे नीट देणारा सेट. ७ वर देश ऐकू येतो, १४ वर परदेश. हे दोन चांगले मिळत असतील तर बाकीच्या पट्ट्यांसाठी एक पैसाही जास्त मोजू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डायलवर ‘बारा बँड’ छापलेले असते आणि गिऱ्हाईक बाराला भुलते. शर्टाला बारा खिसे असले म्हणून त्यात पैसे येत नाहीत.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि नव्वद टक्के फसवणूक तिथेच होते असे आम्ही अंदाजाने म्हणतो. तो प्रश्न म्हणजे, हा सेट एसएसबी, म्हणजे सिंगल साईडबँड, घेतो का? हे काय प्रकरण आहे ते समजून घेण्यासारखे आहे.

मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकता ती एएम पद्धत. तिच्यात एक वाहक लहर असते, आणि तिच्या दोन बाजूंना आवाज वाहणाऱ्या दोन बाजूपट्ट्या असतात. पूर्ण जोरात बोलत असतानाही प्रक्षेपकाच्या ताकदीचे दोन तृतीयांश त्या वाहक लहरीत जातात, आणि तिच्यात एक अक्षरही नसते. उरलेला एक तृतीयांश दोन बाजूपट्ट्यांत वाटला जातो, आणि त्या दोहोंत मजकूर एकच! म्हणजे तीन रुपयांच्या मजुरीतले दोन रुपये मुकादमाला, आणि उरलेल्या एका रुपयात दोन माणसे एकच काम दोनदा करणार. अशी हजेरी आमच्या संघटनेने एक दिवसही चालू दिली नसती. हौशी लोकांनीही चालू दिली नाही. त्यांनी मुकादम काढला, दुसरी बाजूपट्टी काढली, आणि सारी ताकद एका बाजूपट्टीत घातली. म्हणूनच शंभर वॅटमध्ये, म्हणजे खोलीतल्या एका जुन्या दिव्याच्या विजेत, माणूस युरोपपर्यंत बोलतो.

परंतु वाहक लहर पाठवलीच नाही तर घेणाऱ्या सेटने ती स्वतः पुरवावी लागते. ती पुरवणाऱ्या भागाला बीएफओ म्हणतात. घरगुती सेटमध्ये तो नसतो. अशा सेटवर एसएसबी लावले की बदकांचा कलकलाट ऐकू येतो, शब्द एकही नाही. मुलाला वाटते स्टेशन लांब आहे, एरियल लहान आहे. तो तार वाढवतो, छपरावर चढतो, आणि बदके फक्त मोठी होतात. म्हणून सेट हातात घेतला की पहिली गोष्ट पाहायची: ‘एसएसबी’, ‘बीएफओ’, ‘सीडब्ल्यू’ किंवा ‘एलएसबी-यूएसबी’ असे काही बटणावर लिहिले आहे का? नसेल तर विकणारा कितीही सज्जन असला तरी तो सेट आपल्या कामाचा नाही. आईला गाणी ऐकायला घ्यायचा असेल तर जरूर घ्या. दहा मेगाहर्ट्झच्या खाली हौशी लोक खालची बाजूपट्टी वापरतात, वर गेले की वरची; म्हणजे ७ वर एलएसबी, १४ वर यूएसबी. एवढे ध्यानात ठेवले की दुकानात उभ्या उभ्या परीक्षा घेता येते.

दुसरी गोष्ट गाळणीची. ज्याला फिल्टर म्हणतात तो सेटचा गळा असतो. एसएसबीच्या आवाजाला अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झ रुंदी पुरते. गाण्यांसाठी बनवलेल्या सेटची गाळणी याच्या दुपटीहून रुंद असते, म्हणून शेजारची दोन माणसेही आपल्याच खोलीत येऊन बोलू लागतात. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर गर्दी असते तेव्हा हा फरक कळतो. दुपारच्या सामसुमीत सगळेच सेट चांगले वाटतात. सेट पाहायला जायचे तर सकाळी किंवा संध्याकाळी जावे, हे त्यातून आपोआप आले.

तिसरी गोष्ट जरा किचकट आहे, पण सोडून देण्यासारखी नाही. स्वस्त सेटमध्ये येणारी लहर एकदाच खाली उतरवून ४५५ किलोहर्ट्झवर आणतात. या उतरवण्यात एक खोड आहे. ज्या जागी सेट लावला तिच्या वर, ४५५ च्या दुपटीवर, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ अंतरावर जे स्टेशन असेल तेही मागच्या दाराने आत येते. याला प्रतिमा म्हणतात. आता हिशेब करा: १५.२ मेगाहर्ट्झवर परदेशी प्रक्षेपणाचे एखादे जबर स्टेशन असले, तर ते १४.२९ वर खोटे उमटणार, आणि १४.२९ हा तर हौशींच्या पट्ट्याचा भाग! गिऱ्हाइकाला वाटते, काय जोरदार सेट आहे, १४ वर नुसता गजर चालला आहे. तो गजर चोरीचा असतो. परीक्षा सोपी आहे. एखादे मोठे स्टेशन लावा, मग डायल ०.९१ मेगाहर्ट्झ खाली आणा. तेच स्टेशन पुन्हा जवळजवळ तितक्याच जोरात आले तर सेट एकदाच उतरवणारा आहे आणि पुढची चाळण कमजोर आहे, असे समजून किंमत पाडून मागावी, किंवा सरळ उठावे. चांगल्या सेटमध्ये लहर दोनदा, कधी तीनदा उतरवतात, ती याचसाठी.

चौथी गोष्ट स्थैर्याची. एसएसबीमध्ये सेट शंभर हर्ट्झ सरकला तरी माणसाचा आवाज चमत्कारिक होतो. तीनशे सरकला तर अर्थ लावणे अवघड. म्हणून दहा मेगाहर्ट्झवर चीनचे बीपीएम हे वेळ सांगणारे स्टेशन मिळते का पाहावे, बीएफओ चालू करून त्याच्या वाहक लहरीची शिट्टी काढावी, आणि विकणाऱ्याशी वीस मिनिटे गप्पा माराव्यात. शिट्टीचा सूर चढला-उतरला किती, ते कान सांगतो. व्हॉल्व्हच्या सेटला अर्धा तास तापू द्यावे आणि मग ही परीक्षा घ्यावी. त्याच्यावर अन्याय नको. गप्पांच्या मध्ये पेटीवर बोटाने टिचकी मारावी. सूर थरथरला तर आत कुठे तरी डाग सुटलेला आहे. डायलचा खरेपणाही याच स्टेशनावर कळतो, कारण ते बरोब्बर दहावर असते.

असो. आता बाजारात काय मिळते ते पाहू.

व्हॉल्व्हचे मोठे सेट सर्वांत देखणे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला माल निकाली निघाला तेव्हा हौशी लोकांची एक पिढी त्यावर वाढली. अमेरिकन बॉम्बर विमानातला बीसी-३४८, ब्रिटिश हवाई दलाचा आर-११५५, ही नावे जुनी मंडळी आजही देवाच्या नावासारखी घेतात. पण बीसी-३४८ मूळचा २८ व्होल्टवर चालणारा. त्याला विजेचे वेगळे बिऱ्हाड लागते. शिवाय हे सेट आता संग्राहकांच्या हाती गेले आहेत आणि संग्राहक लोखंडाची किंमत सोन्याने करतो. नवशिक्याने त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावे. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ हा १९४६ पासूनचा सेट मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. छोटा, सुबक, बीएफओ असलेला, पाहताच मोह पडावा असा. परंतु त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नाही, म्हणजे चासीला थेट विजेचा स्पर्श असू शकतो. तो अमेरिकेच्या ११५ व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर लावला तर क्षणात धूर. आणि वर सांगितलेली ९१० ची चोरी त्यात यथासांग चालते. असला सेट भिंतीवरच्या फळीवर शोभतो, पोराच्या टेबलावर नाही. कोणताही व्हॉल्व्हचा सेट वर्षानुवर्षे पडून असेल तर तो थेट मेन्सला लावू देऊ नका. आतले कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असतात. आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक साध्या बल्बचा सिरीज लॅम्प मध्ये घालत. बल्ब पूर्ण पेटला की समजायचे, आत शॉर्ट आहे. दोन पैशांची युक्ती आहे, ट्रान्सफॉर्मर वाचवते.

यानंतर येतात जपानी टेबल-सेट, १९७० ते १९९० या काळातले. आमच्या मते खरा माल इथे आहे. यायसूचा एफआरजी-७ हा १९७६ चा. ट्रेव्हर वॅडली या दक्षिण आफ्रिकेतल्या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी जोडणी त्यात आहे, तिच्यामुळे तो ट्रान्झिस्टरच्या काळातही फार सरकत नसे. बॅटरीवरही चालतो. आतली रचना मोकळी, हात घालण्यासारखी. त्याची गाळणी मात्र रुंद आहे. पुष्कळांनी ती बदलून अरुंद बसवली, आणि अशी बदललेली प्रत मिळाली तर, काम स्वच्छ असल्यास, ती मूळ प्रतीपेक्षा बरी. केनवुडचा आर-१००० हा १९७९ चा. त्याला आकडे दाखवणारी पाटी आहे आणि बारा, सहा व २.७ किलोहर्ट्झ अशा तीन गाळण्या आहेत. एसएसबीसाठी तो घेताच बसून ऐकता येतो. आयकॉमचा आर-७१ याहून सरस. पण त्याचे सारे शहाणपण एका लिथियम सेलवर राखलेले असते. तो सेल संपला की चालवण्याची आज्ञावलीच पुसली जाते आणि राजवाड्यासारखा सेट मुका होतो. हा सेट विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा: सेल केव्हा बदलला, किंवा त्या जागी नवी पाटी बसवली आहे का? उत्तर गुळमुळीत आले तर पाकीट खिशातच ठेवावे. अशी गोष्ट कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. वेतनकराराचेही असेच असते. सही करण्याआधी जे कलम कोणी वाचून दाखवत नाही तेच वाचायचे असते.

तिसरा प्रकार हातात मावणाऱ्या सेटचा. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांनी, विशेषतः कोकणातल्या, सोनीचे असे सेट बरेच आणले; आणि वडील थकले की ते कपाटातून बाहेर निघतात. यांतल्या ७६०० मालिकेतले काही सेट एसएसबी घेतात, काही घेत नाहीत. नंबरातल्या शेवटच्या अक्षरांवर सगळे अवलंबून असते. आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर हा नक्की घेतो. चीनच्या टेकसन कंपनीचे पीएल-६६०, पीएल-८८०, पीएल-३३० हेही घेतात, आणि वापरलेले मिळतात. सोनीचा मोठा आयसीएफ-२०१०, ज्याचे दुसरे नाव २००१डी, फार नावाजलेला. परंतु बाहेरची तार लावली आणि हवेतली वीज तारेवरून उतरली की त्यातला पहिला एफईटी जळतो, ही त्याची प्रसिद्ध व्याधी. लक्षण असे की सेट जिवंत वाटतो पण बहिरा असतो. या हातातल्या सेटांची दुसरी मर्यादा म्हणजे लांब तार लावली तर ते ओसंडतात. सगळीकडे सगळी स्टेशने. पाच-सहा मीटर तार त्यांना पुष्कळ झाली. बॅटरीचा खण उघडून पाहायला विसरू नका. पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर सेल आत गळलेले आहेत. ती आणखी कुठवर पोचली ते देव जाणे.

चौथा प्रकार आमच्या पिढीला प्रथम खोटाच वाटला. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघालेला बोटाएवढा डोंगल, त्यातली चिप आरटीएल२८३२यू. २०१२ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आले की यातून टीव्हीच काय, कोणतीही लहर संगणकाला वाचता येते. घरात संगणक असेलच तर याहून स्वस्त काही नाही. पण साध्या डोंगलची सुरुवात सुमारे २४ मेगाहर्ट्झला होते. म्हणजे आपले ७ आणि १४ त्याच्या गावातच नाहीत! त्यासाठी थेट नमुने घेणारी किंवा लहर वर चढवणारी सोय असलेलीच आवृत्ती मागावी. आणखी एक: नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २००८ पासून आपला एक सेट इंटरनेटवर सर्वांसाठी उघडा ठेवला आहे. पैसे खर्चण्याआधी महिनाभर तो ऐकून कान तयार करा. एसएसबी चांगले लागले म्हणजे कसे ऐकू येते, हे ज्याने एकदा ऐकले त्याला दुकानात फसवणे कठीण.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बीआयटीएक्स नावाचा अगदी स्वस्त हौशी सेट रचला, आणि पुढे त्याच्या छापील पाट्यांवरच्या तारेची वेटोळी बायकांच्या एका गटाने हाताने गुंडाळली. हे आम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ज्या वस्तूत कोणाचे हात लागले ते कळते ती वस्तू आम्हांला जवळची वाटते. वापरलेले असे सेट मिळतात, ७ वर ऐकायलाही चांगले. पण ते बोलण्याचेही यंत्र आहे. परवाना हाती येण्यापूर्वी ते घरात आणू नये.

आमच्या मते, ज्याला कोणी जाणता मेकॅनिक शेजारी नाही त्याने एसएसबी असलेला हातातला सेट घ्यावा. ज्याला आहे त्याने एफआरजी-७ किंवा आर-१००० ची वाट पाहावी, सहा महिने लागले तरी. घाई हा विकणाऱ्याचा दलाल असतो.

पाहायला जाताना काय न्यावे? दहा मीटर पातळ तार, हेडफोन, बॅटरी, आणि जमले तर एक मित्र, ज्याचे काम फक्त ‘उद्या सांगतो’ म्हणणे. प्रत्येक बटण फिरवून पाहावे. बँडचे स्विच खरखरले तर घाबरू नका, ते साफ होतात. डायल मधेच अडत असेल, गँगमध्ये खरवड येत असेल, तर ते गंभीर. झाकण काढू देत असतील तर आयएफटीच्या स्क्रूंवरचा मेणाचा किंवा रंगाचा थेंब शाबूत आहे का पाहावे. तो फुटलेला असेल तर कोणी तरी पेचकस घेऊन आत नशीब अजमावलेले आहे. आमच्या ओळखीच्या एका तरुणाला एका शहरातल्या दुकानदाराने ‘नुकताच सर्व्हिस केलेला’ म्हणून सेट दिला होता; आतले बाराही थेंब फुटलेले होते. तो सेट जागेवर आणायला त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले.

पैशांची वाटणी आम्ही अशी सांगतो: दहा रुपये असतील तर सहा सेटला, तीन तारेला आणि तिच्या सामानाला, एक दुरुस्तीसाठी राखून. लोक दहाही सेटवर घालतात आणि मग खिडकीच्या गजाला तार गुंडाळतात. ७ मेगाहर्ट्झसाठी खरी तार म्हणजे दोन बाजूंना दहा-दहा मीटर, मधून उतरवलेली. चाळीत किंवा अपार्टमेंटात तेवढी जागा नसेल तर दहा-पंधरा मीटरची एकेरी तारही ऐकायला चालते. इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपाचा तुकडा पुरतो. विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा जवळ कुठेही एरियल नेऊ नये. या एका बाबतीत आम्ही कोणाशी चर्चा करत नाही.

आणि आजचा मोठा शत्रू म्हणजे गोंगाट. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाला हा त्रास नव्हता. मोबाईलचा चार्जर, एलईडीचा दिवा, इन्व्हर्टर, छपरावरच्या सौरपाट्यांचे यंत्र, प्रत्येकजण लघुलहरींवर आपापली करवत चालवत असतो. चांगला सेट घरी आणून ‘यात नुसता घर्रघर्र आवाज येतो’ म्हणून पाण्याच्या भावाने विकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आणि त्यांच्याकडून घेणारे शहाणेही पाहिले आहेत. म्हणून सेट पाहताना विकणाऱ्याला म्हणावे, घराचा मेन स्विच दोन मिनिटे बंद करता का? बॅटरीवर ऐकून पाहावे. घर्रघर्र थांबली तर दोष घराचा, सेट तुमचा. आपल्या घरी आल्यावर हातातला सेट घेऊन खोलीखोलीतून फिरावे. कोणता चार्जर ओरडतो ते तो स्वतःच दाखवतो. तार घरापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी.

आता वळवाचे दिवस आहेत, म्हणून शेवटची सूचना. ढगांची वीज कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी सेटला ऐकू येते. कडकड वाढू लागली की गडगडाटाची वाट पाहू नका. एरियलचा प्लग काढा आणि तारेचे टोक खिडकीबाहेर टाका.

आम्ही एक सेट सोबत आणला आहे. तार बाहेरच्या निंबाला बांधली आहे आणि आभाळ सध्या तरी निवळ आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर आभारप्रदर्शनानंतर ज्यांना थांबायचे आहे त्यांनी पाराजवळ यावे. ७ मेगाहर्ट्झवर या वेळी कोण बोलते आहे ते ऐकू, आणि ज्यांनी घरचे जुने सेट बरोबर आणले आहेत त्यांचे एसएसबीचे बटण शोधू.